मीटरबाईंचा ड्रॅगन

वीजखात्यात मीटर तपासणारे आम्ही अकरा जण होतो, पण मीटरबाई म्हटलं की एकच. सहा वर्षं मी त्यांच्या स्कूटरच्या मागे बसून गावभर फिरले. पुढे त्या, मागे मी, माझ्या मांडीवर हत्यारांची पिशवी.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असायची. बाकीचे आधी मीटरचं सील बघतात. बाई आधी माणूस बघायच्या. दार उघडणाऱ्यानं "या या, बसा, पाणी घेता का?" म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "इतकं प्रेम कशाला उतू चाललंय?" असं त्या माझ्या कानात पुटपुटायच्या. मग धूळ बघायच्या. मीटरवर बोटभर धूळ आणि स्क्रूच्या खाचेत मात्र चकाकी, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. एकदा तर एका घरात त्यांनी मीटरला हातही न लावता भिंतीवरचं कॅलेंडर उचललं. मागे भोक, भोकात वायर. घरमालकाची त-त-प-प सुरू झाली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाई, कॅलेंडरचं कसं कळलं?"

"मागच्या वर्षीचं होतं," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षीचं कॅलेंडर कोण ठेवतं?"

अशा माणसाच्या घरात नांदणं सोपं नसतं. त्यांचे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळायचे आणि स्वभावानंही काचेसारखेच होते, आरपार दिसणारे. तरी त्यांना उशीर झाला की कारण दोनदा सांगावं लागायचं, एकदा आल्या आल्या आणि एकदा जेवताना, दोन्ही जुळतात का ते बघायला. ते हसत म्हणायचे, "या घरात माझं एकट्याचं सील शाबूत आहे, तेही दर आठवड्याला तपासलं जातं."

मुलगी शिकायला लांब गेली, तेव्हा तिच्या कपाटात एक छोटं खेळयंत्र राहिलं. हातात मावणारं, मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. इतकं लाडकं यंत्र पोरगी मागे ठेवून गेलीच कशी, याचाच बाईंना संशय आला. यात नक्की काहीतरी लपवलंय. चिठ्ठ्या असतील, कुणाचे फोटो असतील. म्हणून एका दुपारी त्यांनी दार लावून ते चालू केलं. चिठ्ठ्या निघाल्या नाहीत. निघाला तो एक ड्रॅगन.

काळा, लांब शेपटीचा, डोळे अर्धे मिटलेले. मुलीनं त्याचं नाव काजळ्या ठेवलं होतं. बाईंनी फोन करून विचारलं, "हा कोण?" मुलगी हसून लोळायची बाकी राहिली. "अगं आई, राक्षसांच्या लढाईचा खेळ आहे तो. खेळून बघ, तुझ्यासाठीच बनवलाय जणू."

आणि ते खरंच होतं. या खेळात दोघंही आपापली चाल गुपचूप निवडतात, मग दोन्ही चाली एकदम उघड होतात. हाताच्या चपळाईला किंमत नाही. समोरच्याच्या मनात काय चाललंय, ते ओळखायचं. तीस वर्षं दुसऱ्याच्या मनातला चोर शोधणाऱ्या बाईंना आणखी काय हवं होतं?

ड्रॅगनचं त्यांनी मला एकदा स्कूटर बाजूला उभी करून समजावलं होतं. ड्रॅगनला गर्जना करता येते. गर्जना केली की त्याचं बळ आणि वेग दोन्ही वाढतात, आणि मग त्याच्यासमोर कुणी टिकत नाही. पण गर्जनेच्या त्या एका खेळीत तो नुसता उभा असतो, वार करत नाही. आणि आग, पाणी, वीज सगळं सोसणारा हा प्राणी बर्फाला मात्र भितो. बर्फाचा एक नीट बसलेला घाव, की आडवा.

"म्हणजे सगळा डाव एकाच गोष्टीवर," बाई म्हणाल्या. "ड्रॅगन कधी बाहेर काढायचा. उतावळे लोक पहिल्यालाच काढतात. मी नाही काढत. आधी माझा लोखंडी गेंडा पाठवायचा. समोरच्याची सगळी पोतडी उघडून घ्यायची. बर्फवाला कोण आहे, तो कुठं दडलाय, ते बघायचं, त्याला संपवायचं. मग काजळ्या."

"आणि तो दडलेलाच राहिला तर?"

"तर काजळ्याही दडलेलाच."

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी या खेळाच्या लढती व्हायच्या. कॉलेजची मुलं, एक दंतवैद्य, दोन न्हावी भाऊ, आणि त्यात केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या आमच्या बाई. मुलं आधी हसली, मग हसायची थांबली. बाई बहुतेक वेळा जिंकायच्या. पण कधीकधी असंही व्हायचं की गेंडा पडायचा, बाकीचे पडायचे, आणि काजळ्या एकही वार न करता शेवटी एकटा उरायचा. तोवर डावाची वेळ संपायची आणि ज्याचे जास्त राक्षस उरले तो जिंकायचा. ड्रॅगन शाबूत आणि बाई हरलेल्या. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटायचं नाही. "हरले, पण फसले नाही," असं म्हणायच्या.

पुढल्या वर्षी वाचनालयानं जोड्यांची स्पर्धा ठेवली आणि अट घातली की जोडी एकाच कुटुंबातली हवी. मुलगी लांब. यजमान म्हणाले, "मला बटणंच दिसत नाहीत." राहिली नणंद.

या नणंदेचं सांगायला हवं. माझ्याच वयाची, म्हणून मी तिला अगं-तुगं करते. ती दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायची. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत तिची काचेच्या दाराची खोली होती, आत प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. गावातले निम्मे म्हातारे तिच्या दातांनी हसायचे. बोलायला मोकळी, कुणाशीही दहा मिनिटांत ओळख काढणारी. लग्न केलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तिनं बाईंच्या वरच्याच मजल्यावर घर घेतलं, आणि बाई तेव्हापासून विचार करत होत्या की सगळं गाव सोडून हिला नेमकं आमच्याच डोक्यावर का यायचं होतं.

एरवी बाई तिला नुसतं "अगं" म्हणायच्या. संशय आला की "वन्सं" म्हणायच्या आणि "तुम्ही"वर यायच्या. नणंदेला ते पक्कं ठाऊक होतं. "वन्सं म्हणाली की मी आधी आठवून बघते, मी काय केलंय," ती मला सांगायची.

ती खेळायला लगेच तयार झाली. तिनं निवडलं एक भलंमोठं कासव. जोडीच्या खेळात प्रत्येकाकडे दोन राक्षस, एक मैदानात आणि एक राखीव. नणंदेच्या कासवाची खुबी अशी की जोडीदारावर येणारे घाव ते स्वतःच्या अंगावर घ्यायचं. त्या खेळीत ते दुसरं काही करू शकत नसे, पण तेवढ्यात काजळ्याला निर्धास्त गर्जना करता येई. दोघींची जोडी कागदावर तरी अशी होती की बघणाऱ्यानं हात टेकावेत.

पहिले पाच सामने त्या जिंकल्या. मी दर रविवारी बघायला जायचे. नणंद मोठ्यानं हसायची, बाई हसू दाबायच्या.

सहाव्या सामन्यात समोर आले कंडक्टर आणि त्यांची बायको. निवृत्त माणूस, चाळीस वर्षं बसमध्ये विनातिकीट लोक पकडलेले. त्यांच्याकडे एक पांढरं अस्वल होतं, बर्फ फेकणारं. बाईंनी नेहमीप्रमाणे थांबून थांबून, अस्वल माघारी गेलेलं पाहून काजळ्याला बाहेर काढलं आणि गर्जना दाबली. त्याच खेळीला अस्वल परत आलं, आणि पुढच्या खेळीला बर्फ. काजळ्या आडवा.

सातव्या सामन्यात समोर न्हावी भाऊ होते आणि तिथंही तेच. बाईंच्या मनातली चाल कुणीतरी आधीच वाचून ठेवल्यासारखी.

"एकदा होतं ते नशीब," स्कूटर चालू करता करता बाई म्हणाल्या. "दोनदा होतं ते कुणीतरी सांगतंय म्हणून."

"कोण सांगणार, बाई? तुमची चाल तुम्हाला माहीत."

"मला माहीत. आणि अजून एकीला माहीत."

त्याच मंगळवारी आम्ही बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतून चाललो होतो. बाईंनी एकदम ब्रेक दाबला. काचेच्या दाराआड नणंद आणि कंडक्टर. ती काहीतरी हात हलवून सांगतेय, तो मान डोलावतोय. बाई स्कूटरवरच बसून राहिल्या, चांगली पाच मिनिटं. मी म्हटलं, "कवळी करायला आला असेल." बाई म्हणाल्या, "कवळी करताना तोंड उघडं असतं. याचं बंद आहे. हा ऐकतोय."

आमच्या कामात एक युक्ती असते. कुणी सील काढून परत बसवतंय असा संशय असला की सीलच्या फटीत एक केस अडकवून ठेवायचा. पुढल्या खेपेला केस नसला, म्हणजे चोर सापडला. बाईंनी घरात तेच केलं. त्यांनी संध्याकाळी जिन्यात नणंदेला थांबवून सांगितलं, "वन्सं, एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगते. रविवारी मी काजळ्याला बर्फाचं कवच देणार आहे. त्याला बर्फ लागणारच नाही. कुणाला कळता कामा नये."

खरं म्हणजे कवच त्यांनी दिलंच नाही. राक्षसाकडे काय आहे ते वापरेपर्यंत समोरच्याला दिसत नाही, असा नियम आहे. विचार सोपा होता. कंडक्टरच्या अस्वलासमोर काजळ्याला मुद्दाम उभं करायचं. बर्फ फेकलं, तर नणंद निर्दोष. नाही फेकलं, तर केस गेला.

रविवारी आठवा सामना, पुन्हा कंडक्टर जोडी. बाईंनी पहिल्याच खेळीला काजळ्या काढला. हॉलमध्ये कुजबुज झाली, कारण असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. समोर अस्वल. बाईंनी गर्जना दाबली आणि पडद्याकडे न बघता नणंदेच्या तोंडाकडे बघत बसल्या.

अस्वलानं बर्फ फेकलं नाही. कंडक्टरनं त्याला माघारी बोलावलं.

काजळ्याची गर्जना झाली. मग दुसरी. नंतरचा सामना म्हणजे वणव्यात वाळलं गवत. नणंद टाळ्या वाजवत उठली, "वहिनी! काय काढलास गं! पहिल्यालाच काढलास!" आणि मिठी मारायला पुढे आली.

बाई मागे सरकल्या. "बसा, वन्सं," त्या म्हणाल्या. आवाज शांत, अगदी एखाद्या चोराच्या घरात पंचनामा लिहितानाचा. "काजळ्याकडे कवच नव्हतं. मी तुम्हाला एकटीला सांगितलं होतं की आहे. मग या गृहस्थांनी बर्फ का नाही फेकलं?"

नणंदेला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिचा चेहरा इतका उतरला की मलाच मान खाली घालावीशी वाटली. कंडक्टर काहीतरी बोलू गेले, पण तिनं हात करून त्यांना थांबवलं. यंत्र पिशवीत टाकलं, पिशवीचा बंद ओढला आणि म्हणाली, "वहिनी, सामना जिंकून दिलास आणि मला हरवलंस. शाबास." आणि जिना उतरून गेली.

बाई आणि नणंदेच्या जोडीनं कंडक्टर जोडीविरुद्धच्या अंतिम लढतीत जागा मिळवली होती, पण आता जोडीच नव्हती. तिसऱ्या दिवशी घरात यजमान म्हणाले, "तुला खात्री आहे?" बाई म्हणाल्या, "पुरावा आहे." ते म्हणाले, "मी पुराव्याचं नाही विचारलं."

त्याच आठवड्यात आमच्या यादीत कंडक्टरांच्या गल्लीतली घरं आली. बाई दारावर गेल्या, मीटर तपासलं, सील तपासलं, सगळं ठीक. कंडक्टरांनी नवीन कवळी घातली होती, त्यामुळे त्यांचा स जरा शिट्टीसारखा वाजत होता.

"बाई, एक सांगू का?" ते म्हणाले. "तुमच्या नणंदेनं मला काही सांगितलं नाही. मी तिच्याकडे जातो ते डावीकडची दाढ टोचते म्हणून. बोलू नका म्हणते, ठसा बिघडतो म्हणते. माझं तोंड उघडूच देत नाही."

"मग बर्फ का नाही टाकलं?"

आतून त्यांची बायको हात पुसत आली. "अहो, तुम्ही ड्रॅगन पहिल्यालाच काढलात म्हणून! दीड वर्ष बघतोय आम्ही. बर्फवाला समोर असताना तुम्ही तो काढणार? जीव गेला तरी नाही काढणार. म्हणजे त्याच्याकडे नक्की कवच असणार, हे मीच यांना कोपर मारून सांगितलं. तुम्ही दुसऱ्या कुणी असतात ना, तर टाकलं असतं बर्फ बिनधास्त."

"आणि त्याआधीचे सामने?"

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. "अस्वल माघारी गेलं की तुम्ही गर्जना करता," कंडक्टर म्हणाले. "दर वेळी. आणि करण्याआधी चष्मा पुसता. न्हावी भावांनासुद्धा माहीत आहे. अख्ख्या हॉलला माहीत आहे. रागावू नका, पण तुमच्याइतकं सोपं तिकीट दुसरं नाही. जो फक्त सुरक्षित तेवढंच करतो, तो पुढं काय करणार हे कुणीही सांगतं."

बाईंनी त्या दिवशी पुढची तपासणी माझ्यावर सोडली. मी यादी संपवून आले तर त्या कोपऱ्यावर स्कूटरला टेकून उभ्या होत्या, हातात चष्मा. पुसत नव्हत्या. नुसता धरला होता.

"ते खोटं बोलत असतील का?" त्यांनी मला विचारलं.

"बाई, पुरे आता," मी म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना असं बोलले.

दुसऱ्या दिवशी त्या काचेच्या दाराच्या खोलीत गेल्या. मीही बरोबर होते, मला त्यांनी मुद्दाम नेलं. साक्षीदार लागतो म्हणे. नणंद एका जबड्यावर घासणी फिरवत होती. तिनं मान वर केली नाही.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

घासणीचा आवाज चालूच.

"सगळ्यांसमोर बोलले, ते तर फारच चुकलं. मी सगळ्यांसमोर तसं सांगेन."

नणंदेनं घासणी बंद केली. "वहिनी, नऊ वर्षं आपण एकाच जिन्यानं चढतो-उतरतो. मी वरचं घर का घेतलं माहितेय? दादा जवळ असावा म्हणून. आणि तू जवळ असावीस म्हणून. आई गेल्यावर मला रागावणारं कुणी राहिलं नव्हतं." ती हसली, पण ते हसू तिच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "तू मात्र माझ्यावर केस लावून ठेवलास."

बाईंना केसाची युक्ती तिला कुणी सांगितली ते कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जबडे मोजायला लागले.

"खेळशील का?" बाईंनी विचारलं.

"खेळेन. एका अटीवर. अंतिम लढतीत एकदा, एकदाच, मी सांगेन तेव्हा गर्जना करायची. समोर काहीही असो. न विचारता."

"बरं," बाई म्हणाल्या.

गुरुवारी आम्ही पुन्हा त्या गल्लीतून गेलो. काचेच्या दाराआड नणंद आणि कंडक्टर. ती बोलतेय. तो हसतोय. या वेळी समोर ना ठसा होता, ना कवळी, नुसते चहाचे दोन कप. बाईंनी स्कूटर थांबवली नाही, पण पुढच्या चौकात चुकीच्या बाजूला वळल्या. मागे बसून मला त्यांची मान तेवढी दिसत होती, ताठ.

अंतिम लढतीला हॉल भरला होता. बाईंनी आधी उभं राहून सगळ्यांसमोर माफी मागितली, दोन वाक्यांत, यादी वाचल्यासारखी. मग चष्मा काढून मला दिला. "जवळचं मला दिसतं," त्या म्हणाल्या. पुसायला हाताशी चष्माच नको म्हणून, हे मला उमगलं.

सामना बराच वेळ बरोबरीत चालला. मग मैदान असं झालं की बाईंचा काजळ्या, बाजूला नणंदेचं कासव, समोर कंडक्टरचं पांढरं अस्वल आणि त्यांच्या बायकोचा ईल मासा, वीज सोडणारा. बाईंकडे राखीव होता लोखंडी गेंडा. ही खेळी बाईंच्या नेहमीच्या हिशेबानं माघारीची होती. अस्वल समोर असताना काजळ्या ठेवायचाच नाही.

नणंद मोठ्यानं म्हणाली, "वहिनी, आत्ता. गर्जना कर."

मोठ्यानं! जोडीदार आपसात बोलू शकतात, पण सगळे कुजबुजतात. हिनं अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं. कंडक्टरांनी मान वर केली.

पंचेचाळीस सेकंद मिळतात. मी बाईंच्या मागे बसले होते आणि मला त्यांचा अंगठा दिसत होता. तो गर्जनेवर गेला. थांबला. कासव घाव अंगावर घेणार असेल तर काहीच भीती नाही. पण घेणार आहे का? गुरुवारी ती त्याला काय सांगत होती? सगळ्यांसमोर अपमान केला, त्याची परतफेड सगळ्यांसमोरच करायची असेल तर यापेक्षा बरी वेळ कुठली? अंगठा खाली आला. पुन्हा वर. वीस सेकंद. बाईंनी नणंदेकडे बघितलं. नणंद पडद्याकडे बघत होती, शांत, जणू जबड्यात दात बसवतेय.

दहा सेकंद उरले असताना बाईंनी माघार दाबली.

चाली उघड झाल्या. काजळ्या मागे गेला, त्याच्या जागी गेंडा आला. अस्वलानं सगळं बळ लावून बर्फ फेकलं, ते गेंड्याच्या लोखंडी पाठीवर फुटून गेलं. आणि कासवानं? कासवानं घाव अंगावर घेतलाच नाही. त्यानं तोंड उघडून उकळत्या पाण्याचा असा फवारा सोडला, जो आजवर त्या हॉलमध्ये कुणी बघितला नव्हता, आणि पांढरं अस्वल जागच्या जागी कोसळलं.

बर्फ संपलं होतं. पुढच्या खेळीला काजळ्या परत आला, आणि नंतर बघायला काही उरलंच नाही.

लोक टाळ्या वाजवत होते आणि बाई खुर्चीत तशाच बसल्या होत्या. ग्रंथपालांनी त्यांच्या हातात चषक दिला, तो त्यांनी न बघताच मांडीवर ठेवला. त्या मनात मागे जाऊन मोजत होत्या. गर्जना केली असती तर? कासव आड येणारच नव्हतं. काजळ्या मेला असता.

"वन्सं," त्या म्हणाल्या.

नणंद थांबली. "झालं सुरू."

"तुम्ही मला गर्जना करायला सांगितलंत आणि आड आला नाहीत."

"नाही आले."

"गुरुवारी याला काय सांगत होतात?"

"की वहिनीनं मला शब्द दिलाय, मी सांगेन तेव्हा गर्जना करेल. मुद्दामच सांगितलं."

कंडक्टरांनी कपाळावर हात मारला. "मला वाटलं आता काय, घरची भानगड मिटलीय, बाई चारचौघांत शब्द पाळणारच. म्हणून टाकलं बर्फ. आणि हिनं तेवढ्यासाठी मला चहा पाजला!" त्यांच्या शिट्टीला सगळे हसले.

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे मी तुमचं ऐकणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं."

"बऱ्यापैकी."

"आणि ऐकलं असतं तर?"

नणंदेनं चषक त्यांच्या मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला. "तर काजळ्या गेला असता, आपण हरलो असतो, आणि मी आज घरी नाचत गेले असते, वहिनी."

मी त्यांना चष्मा परत दिला, तो त्यांनी पुसला नाही, तसाच घातला.

पुढचे कित्येक दिवस स्कूटरवर हाच विषय. कधी त्या म्हणायच्या, तिनं माझा स्वभाव ओळखून डाव रचला, हुशार आहे. कधी म्हणायच्या, नाही, तिला खरंच काजळ्या मारायचा होता, नंतर सारवासारव केली. कधी म्हणायच्या, तिनं मला परीक्षेला बसवलं आणि मी नापास झाले, चषक मिळाला तो नापासाचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "तुम्ही तिलाच का विचारत नाही?" त्या म्हणाल्या, "विचारलं की ती उत्तर देईल. मग ते उत्तर तपासावं लागेल."

नवीन हंगामाच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा हॉलमध्ये होते. समोर न्हावी भाऊ, ज्यांनी यंदा आपलं एक पांढरं कोल्हं आणलं होतं, बर्फाचंच. साधा सामना, काहीच पणाला नाही. तिसऱ्या खेळीला कोल्हं काजळ्याच्या समोर आलं. नणंद नेहमीच्या सवयीनं, थट्टेनं कुजबुजली, "वहिनी, गर्जना कर की."

बाईंनी सेकंदही न घालवता गर्जना दाबली.

कासव दुसऱ्याच कामात होतं. बर्फ आलं, काजळ्या आडवा झाला. न्हावी भाऊ एकमेकांकडे बघत राहिले, की यात काहीतरी खोच असणार. खोच नव्हती. सामना पाच मिनिटांत संपला, आमच्या बाजूनं साफ हार.

जिना उतरताना नणंद नाचत वगैरे नव्हती. ती बाईंच्या एक पायरी मागे राहून त्यांच्याकडे तिरक्या नजरेनं बघत होती.

"वहिनी, हे का केलंस?"

"तू सांगितलंस म्हणून."

"मी थट्टा करत होते. तुला कळत होतं."

"कळत होतं."

"मग?"

बाईंनी स्कूटरची किल्ली शोधायला पिशवीत हात घातला. नणंद पुढे होऊन त्यांच्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर.

"नाही, खरं सांग. काय चाललंय तुझ्या डोक्यात? पुढच्या रविवारचा काही डाव आहे का? मला का नाही सांगत आहेस?"

"काही नाही गं," बाई म्हणाल्या. "बस मागे. घरी जाऊ."

मला त्या दिवशी पायीच यावं लागलं. नणंद मागे बसली, आणि स्कूटर वळणापलीकडे जाईपर्यंत मला दिसत होतं, ती बाईंच्या खांद्यावरून पुढे वाकून काहीतरी विचारतच होती.